उधळ्या मुलाची माय : ग्रिअर्सन यांचे सर्वेक्षण आणि वाशीमची बोली

‘भारतीय भाषांचे सर्वेक्षण’ या अवाढव्य ग्रंथाचा सातवा खंड मी पहिल्यांदा उघडला तो अभ्यासासाठी नव्हे, भांडणासाठी. आठवीत असताना माझ्या निबंधातल्या ‘मले’ आणि ‘तुले’ या दोन शब्दांखाली तांबड्या शाईच्या रेघा पडल्या होत्या आणि समासात ‘अशुद्ध’ असा शेरा होता. ते गुरुजी मनाने वाईट नव्हते. पुढे मीच मराठीचा शिक्षक झालो आणि नोकरीची सारी वर्षे दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्यांत तशाच रेघा मारत राहिलो. निवृत्त झाल्यावर मात्र जुने दुखणे वर आले. वऱ्हाडी ही बिघडलेली मराठी नाही, असे कोणीतरी मोठ्या, परक्या, सरकारी अधिकाराच्या माणसाने लिहून ठेवलेले मला हवे होते. असा माणूस एकच ठाऊक होता : सर जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन. मोतीलाल बनारसीदास यांनी दिल्लीत केलेल्या पुनर्मुद्रणाची प्रत एका ग्रंथालयातून मिळाली. तिची पाने एकमेकांना चिकटलेली होती. माझ्या आधी तिच्याशी कोणी भांडलेले नव्हते.

हा खंड मराठीचा. प्रकाशन 1905 सालचे. त्यात इंग्रजी दफ्तरातल्या ‘बासिम’ जिल्ह्याचे नाव अकोला, अमरावती, एलिचपूर, बुलढाणा, वून यांच्या जोडीला आहे. गंमत अशी की त्याच 1905 साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली आणि बासिम जिल्हा मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात गेला. पुस्तकात जिल्हा छापून आला आणि नकाशातून पुसला गेला, दोन्ही एकाच वर्षी. तो परत उभा राहिला 1 जुलै 1998ला. मधली 93 वर्षे आमची ओळख ‘अकोला जिल्हा, वाशीम तालुका’ एवढीच होती.

हे सर्वेक्षण करणारा माणूस कोण होता, हे नीट पाहिल्याशिवाय त्याच्या पुस्तकाशी भांडणे बरोबर नाही. ग्रिअर्सन यांचा जन्म 7 जानेवारी 1851चा, डब्लिनजवळच्या ग्लेनगिअरी गावचा. घराणे छापखानेवाल्यांचे; आयर्लंडातल्या सरकारी छपाईचा मान त्यांच्याकडे होता, आणि त्या मानात कायद्यांबरोबर बायबलची छपाईही येत असे. आयर्लंडचा भयंकर दुष्काळ 1845 साली बटाट्याच्या रोगाने सुरू झाला, त्याच्या शेवटच्या टप्प्यात हे मूल जन्माला आले. घर खाऊनपिऊन सुखी, प्रॉटेस्टंट, राज्यकर्त्यांच्या बाजूचे. ज्यांची घरे त्या दुष्काळात ओस पडली त्यांची भाषा आयरिश, आणि ग्रिअर्सन यांच्या घरातली इंग्रजी. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून इथेच नोंदवून ठेवतो.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते गणित शिकायला गेले. तिथे रॉबर्ट ॲटकिन्सन हे संस्कृतचे प्राध्यापक भेटले आणि गणिताचा मुलगा भाषांकडे वळला. सनदी नोकरीच्या परीक्षा खुल्या झाल्यापासून आयरिश विद्यापीठांनी त्या परीक्षांसाठी संस्कृत-अरबी शिकवण्याची सोय केली होती. इंग्लंडात ज्यांना मोठ्या घरांची दारे बंद होती अशा कितीतरी आयरिश तरुणांना हिंदुस्थानातली कलेक्टरी ही वर चढायची शिडी होती. मेयो परगण्यातले अँटनी मॅक्डॉनेल हे कॅथलिक गृहस्थ याच शिडीने 1891मध्ये नागपूरला मध्य प्रांताचे चीफ कमिशनर म्हणून आले. म्हणजे स्वतः अर्धे अंकित, अर्धे राज्यकर्ते अशी ही मंडळी. ग्रिअर्सन 1871मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाले आणि 1873मध्ये बंगालात रुजू झाले. बिहारात दुष्काळाचे सावट पडलेले तेच वर्ष.

त्यांची सगळी नोकरी बंगाल-बिहारात गेली. गया, पाटणा इथे ते मॅजिस्ट्रेट-कलेक्टर होते. नंतर सरकारी अफूच्या खात्याचे बिहारचे एजंट झाले. 1883मध्ये बंगाल इलाख्यातून परदेशी वसाहतींत जाणाऱ्या गिरमिटिया मजुरांची चौकशी सरकारने त्यांच्याकडे सोपवली, तेव्हा गावोगाव फिरून त्यांनी त्यावर अहवाल लिहिला. स्वतः घर सोडून आलेला माणूस घर सोडून जाणाऱ्यांची नोंद करत होता. त्या कामातून आणि महसुलाच्या फिरतीतून 1885चे ‘बिहार पेझंट लाइफ’ हे पुस्तक निघाले. नांगराच्या प्रत्येक भागाला, मोटेच्या दोरीला, जात्याच्या खुंट्याला, अफूच्या बोंडाला चिरा पाडण्याच्या हत्याराला बिहारचा शेतकरी काय म्हणतो, याची ती वस्तुवार यादी आहे. मला विचाराल तर ग्रिअर्सन यांचे सगळ्यांत चांगले पुस्तक हेच. त्यात शब्द वस्तूला चिकटून राहतो. शब्द सांगणारा माणूस जवळपास उभा असल्याचे जाणवते. वऱ्हाडच्या वखराला, डवऱ्याला, तिफणीला असा कलेक्टर मिळाला नाही. घाटावर त्रिंबक नारायण अत्रे यांनी 1915च्या ‘गावगाड्या’त आपल्या परीने तसे काम केले, पण तो गाडा आमच्या शिवेपर्यंत आला नाही.

1886मध्ये व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेत हिंदुस्थानच्या भाषांचे पद्धतशीर सर्वेक्षण व्हावे असा ठराव झाला. सरकारने तो मनावर घ्यायला बरीच वर्षे लावली. 1898मध्ये ग्रिअर्सन या कामाचे अधीक्षक झाले. 1903मध्ये ते नोकरीतून निवृत्त झाले, पण काम सोडले नाही. सरे परगण्यातल्या कॅम्बर्लीत घर करून पुढची पंचवीस वर्षे खंडांमागून खंड काढत राहिले. 1903 ते 1928 या काळात अकरा खंड, 179 भाषा, 544 बोली. एवढे काम एका माणसाच्या देखरेखीखाली दुसरीकडे कुठे झालेले मला ठाऊक नाही. मराठीचा खंड मुख्यतः स्टेन कोनो या नॉर्वेच्या विद्वानांनी तयार केला आणि ग्रिअर्सन यांनी त्याचे संपादन केले. म्हणजे माझ्या मोठ्या मायच्या बोलीचे पहिले छापील व्याकरण एका नॉर्वेजियनने लिहिले आणि एका आयरिश माणसाने तपासले. आमच्या पुण्या-मुंबईच्या पंडितांना त्याआधी ते सुचले नव्हते, हे कबूल करून पुढे जातो.

आता पद्धत. प्रत्येक बोलीचे तीन नमुने मागवायचे : बायबलातल्या उधळ्या मुलाच्या दृष्टान्ताचे भाषांतर, त्या मुलखातली एखादी गोष्ट, गाणे किंवा कचेरीतली जबानी, आणि ठरीव शब्दांची व वाक्यांची यादी. सरकारी पत्र जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे यायचे, तो ते खाली पाठवायचा, आणि कोणी कारकून, कोणी मास्तर, कुठे मिशनरी नमुना लिहून द्यायचा. दृष्टान्तच का, याचे कारण ग्रिअर्सन यांनी दिले आहे आणि ते व्याकरणाचे आहे. त्या छोट्या गोष्टीत तिन्ही पुरुषांची सर्वनामे येतात, बहुतेक विभक्त्या येतात, तिन्ही काळ येतात. शिवाय मूळ मजकूर एकच असल्याने दोन बोली शेजारी ठेवून ताडता येतात. गणित शिकलेल्या माणसाला सुचावी अशीच ही युक्ती. परतलेल्या मुलासाठी वासरू कापल्याचा उल्लेख हिंदुस्थानात चालणार नाही, म्हणून असे तपशील थोडे बदलून घेतले होते.

या पद्धतीची थट्टा पुष्कळांनी केली आहे. तिच्यातून जे हाती आले ते आधी सांगतो, कारण ते आमच्याच जिल्ह्याचे आहे. त्या वेळी पुसद तालुका बासिम जिल्ह्यात होता. तिथल्या भिल्लांची म्हणून एक बोली ‘भिली’ या नावाने सर्वेक्षणाकडे आली. नावावर विश्वास ठेवला असता तर ती गुजराती-राजस्थानीच्या शेजारी, भिली भाषांच्या खंडात जाऊन बसली असती. नमुना तपासल्यावर दिसले की ही भिली नव्हेच. ती द्राविडी कुळातली, कोलामीला अगदी जवळची बोली आहे. म्हणून तिची नोंद 1906च्या चौथ्या खंडात, मुंडा आणि द्राविडी भाषांत झाली. जातीच्या नावावरून भाषा ठरत नाही, कचेरीने लावलेल्या चिठ्ठीवरून तर नाहीच, हे पुसदच्या डोंगरातल्या मूठभर लोकांच्या बोलण्यावरून सिद्ध झाले. ज्या कारकुनाने ते उतरवले त्याला आपण काय उतरवतो आहोत याची कल्पना नसावी. तरी त्याने कान उघडे ठेवले आणि जे ऐकले ते लिहिले. सर्वेक्षणाचा सगळा मोठेपणा मला या एका नोंदीत दिसतो.

वऱ्हाडीकडे वळले की चित्र पालटते. पुण्याकडची मराठी प्रमाण धरायची आणि वऱ्हाडी तिच्यापासून कुठे कुठे सरकते ते सांगायचे, अशी मांडणी. आमच्या बोलीत ‘ण’ नाही, ‘न’ आहे; ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, डोळ्याचा ‘डोया’ होतो; चतुर्थीला ‘ला’ऐवजी ‘ले’. ‘लोकांना’ म्हणायचे तर ‘लोकायले’. हे सारे खरे आहे. कारंज्याच्या बाजारात तासभर उभे राहिले तरी कानावर पडेल. पण हिशेब मांडताना आधी पुणे लिहायचे आणि मग त्यातून वजाबाकी करायची, ही रीत भाषाशास्त्राने दिलेली नाही, ती कचेरीने दिलेली आहे. उलट बाजूने हिशेब मांडून पाहा. ‘काहून’ हा शब्द घ्या. का, कशासाठी, कोणत्या कारणाने, असे तीन अर्थ आणि थोडा संताप तो एकटा वाहून नेतो. किंवा ‘जाऊन राह्यलो’ ही रचना घ्या. ‘जातो आहे’ याहून तिच्यात काळाचा पसारा अधिक आहे. वऱ्हाडी प्रमाण धरून पुण्याच्या मराठीचे व्याकरण लिहायला बसले तर पुण्याच्या नावे दोन पाने उणिवा निघतील. मी हे सूड म्हणून सांगत नाही, निदान सगळे सूड म्हणून नाही. ‘मले’खाली पडणारी तांबडी रेघ आणि खंडातली ही वजाबाकी यांचे गोत्र एकच आहे, एवढेच म्हणायचे आहे. फरक इतका की ग्रिअर्सन-कोनो यांनी ‘अशुद्ध’ असा शेरा मारला नाही. बोलींच्या सीमा रेघेसारख्या नसतात, एक बोली दुसरीत हळूहळू मिसळते, हे ग्रिअर्सन यांनी स्पष्ट लिहिले आहे. आमच्या शाळांना तेवढे शहाणपण आजही आलेले नाही.

पण सीमा मिसळतात असे लिहिणाऱ्या ग्रंथाला स्वतःला एक सीमा होती आणि ती आमच्या घरापासून पाच कोसांवर होती. मद्रास इलाखा, ब्रह्मदेश, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थान एवढा मुलूख सर्वेक्षणातून वगळलेला होता. 1853मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती आले. पैनगंगेपलीकडचे हिंगोली, परभणी निजामाकडेच राहिले. रिसोडकडून पैनगंगेकडे उतरू लागले की बोलीत मराठवाड्याचा ठसा मिसळत जातो. सोयरिकी, बाजार, देवाच्या वाऱ्या सगळे नदीच्या दोन्ही काठांवर चालते. माझ्या दोन आत्या नदीपलीकडे दिल्या. सर्वेक्षणाच्या लेखी त्या सासरी जाताना पाण्यात पाऊल टाकल्याबरोबर मुक्या झाल्या. मराठी बोलणाऱ्यांच्या एवढ्या मोठ्या पट्ट्यातून नमुने न घेता मराठीच्या बोलींचा नकाशा काढला गेला, आणि नंतरच्या कित्येक अभ्यासकांनी तो पुरा समजून वापरला. हा दोष ग्रिअर्सन यांचा नाही, राज्यकारभाराचा आहे. पण वापरणाऱ्यांचा नक्कीच आहे.

तसेच बंजाऱ्यांचे. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे त्या समाजाचे मोठे श्रद्धास्थान. आमच्या जिल्ह्यात गाव आणि तांडा शेजारी असतात. तांड्यातली माणसे दोन्ही भाषा बोलतात आणि गावातल्या दुकानदारालाही थोडी गोरमाटी येते. सर्वेक्षणात गाव सातव्या खंडात आहे आणि तांडा नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, राजस्थानीच्या गोतावळ्यात, 1907 साली. कुळाप्रमाणे लावले तर तेच बरोबर. पण कुळाचा ग्रंथ शेजार नोंदवू शकत नाही. एका माणसाच्या तोंडातल्या दोन भाषा त्याच्या मांडणीत कधी भेटत नाहीत.

यादीतल्या वाक्यांबद्दल थोडे बोलतो, कारण त्यांच्याकडे कोणी साहित्य म्हणून पाहिलेले नाही. यादीचे मूळ सर जॉर्ज कॅम्पबेल यांनी 1866मध्ये केलेल्या शब्दयादीत आहे. शेवटच्या वाक्यांत पांढऱ्या घोड्याचे खोगीर घरात असल्याचे सांगणारे एक आहे, घोड्याचे वय विचारणारे एक आहे, इथून काश्मीर किती लांब ते विचारणारे एक आहे, आणि एकाला चांगला बडवून दोरांनी बांधायला सांगणारेही एक आहे. ती सलग वाचली की एक माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो : घोड्यावरून आलेला, दौऱ्यावरचा, हुकूम देणारा साहेब. प्रत्येक बोलीला आधी साहेबाची वाक्ये बोलून दाखवावी लागली, मग तिची नोंद झाली. वऱ्हाडातल्या कुणब्याला काश्मीरचे अंतर कशाला हवे होते?

दृष्टान्ताचे मात्र तसे नाही. तो आमच्याकडे आला आणि नको तितका खरा ठरला. नमुने गोळा करण्याचे काम 1897च्या सुमारास जोरात सुरू झाले. 1896-97चा दुष्काळ नुकताच पडून गेला होता आणि 1899-1900चा, त्याहून भीषण, वऱ्हाडावर येऊ घातला होता. गोष्टीतला धाकटा मुलगा वाट्याचे धन उडवतो, त्या देशात मोठा दुष्काळ पडतो, तो डुकरे राखतो आणि डुकरांच्या चाऱ्यावर पोट भरायची इच्छा धरतो. जगभरच्या भाषातज्ज्ञांना ही सर्वनामांची आणि काळांची सोय होती. ज्याने ते वऱ्हाडीत उतरवले त्याच्या गावात लोक काय खाऊन दिवस काढत होते, ते त्याला दिसत असणार किंवा लवकरच दिसणार होते. आणि ज्याने ते मागवले तो स्वतः दुष्काळाच्या देशात जन्मला होता. नागरीत मजकूर, मग रोमन लिप्यंतर, त्याच्याखाली शब्दाला शब्द इंग्रजी. ‘दुष्काळ’ या शब्दाखाली एक शब्द, बस्स.

ॲटकिन्सन यांच्याकडे परत जायला हवे. ज्या गुरूने ग्रिअर्सन यांना हिंदुस्थानच्या भाषांची गोडी लावली त्याच गुरूने 1899मध्ये आयर्लंडातल्या माध्यमिक शिक्षणाच्या आयोगापुढे साक्ष दिली, ती शाळांत आयरिश शिकवण्याच्या विरोधात. लोकांच्या तोंडची आयरिश ही नीट भाषाच नव्हे, गावंढळ बोली आहे, तिच्यातले लोकवाङ्मय मुलांच्या हाती देण्याच्या लायकीचे नाही, असा त्या साक्षीचा सूर होता. हे बोलणारा माणूस प्राचीन आयरिश पोथ्यांचा नावाजलेला संपादक होता. पोथीतली आयरिश त्याला चालत होती, चुलीपुढची चालत नव्हती. डग्लस हाइड, तेही ट्रिनिटीचेच, यांनी त्याला सडेतोड उत्तर दिले. 1893मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगचे ते अध्वर्यू. हा वाद डब्लिनमध्ये पेटलेला होता त्याच वेळी ॲटकिन्सन यांचा शिष्य सबंध हिंदुस्थानातून चुलीपुढच्या बोली जमा करत होता. गुरूची साक्ष आणि शिष्याचा ग्रंथ शेजारी ठेवले की मला ग्रिअर्सन यांच्याबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटते. गुरूने घरच्या बोलीबद्दल जे नाकारले ते शिष्याने परक्यांच्या बोलीबद्दल मान्य केले. त्यासाठी त्याला घर सोडून सहा हजार मैल लांब यावे लागले, ही गोष्ट निराळी. लांबच्या गावंढळपणाला शास्त्र म्हणता येते. वाशीमची मुले शिकवताना मीही ॲटकिन्सनच होतो. लीळाचरित्राची जुनी मराठी मी डोक्यावर घेऊन नाचलो आणि तिचे शब्द ज्यांच्या तोंडात अजून जिवंत होते त्या पोरांना गुण कापले.

लीळाचरित्राचे नाव निघालेच आहे, तर तुलना करून टाकतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभट चक्रधरांच्या आठवणी गोळा करत माणसामाणसाकडे गेले. ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून घेतले. कुठे, कोणापुढे, काय घडले ते टिपले. ग्रंथ हरवल्यावर तो स्मरणातून पुन्हा उभा केला गेला, तेव्हा आठवणींतले फरक झाकून टाकले नाहीत. हिराइसेचा पाठ वेगळा, रामेश्वरबासांचा वेगळा, परशरामबासांचा वेगळा, अशी ज्याची त्याच्या नावाने नोंद राहिली. हे काम ऋद्धपूरच्या परिसरात झाले, म्हणजे याच वऱ्हाडात. त्याच्याही आधी वाशीम हे वत्सगुल्म होते, वाकाटकांची राजधानी. इथल्या सर्वसेनाने प्राकृतात ‘हरिविजय’ रचले आणि राजशेखराने काव्यपुरुषाचे साहित्यविद्येशी लग्न लावले तेही याच गावात. पण त्या वैभवाची मला आता तितकीशी आवड राहिलेली नाही. ते पोथीतले आहे. म्हाइंभटांची रीत मला जास्त मोलाची वाटते, कारण तिच्यात बोलणाऱ्याला नाव आहे आणि बोलणाऱ्यांत बायका आहेत. सर्वेक्षणातल्या नमुन्याला जिल्हा असतो, खंड असतो, पृष्ठ असते. ज्याच्या तोंडचा तो आहे तो माणूस मात्र बहुधा सापडत नाही.

बायकांचा मुद्दा मला एकट्याला सुचला नसता. मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी माझी मोठी माय राहते. वय नव्वदीला टेकलेले, कान तिखट. गेल्या उन्हाळ्यात मी तिला दृष्टान्त सांगितला आणि म्हटले, आता तू मला तो परत सांग. तिने सुरुवात केली, ‘एका मानसाले दोन पोरं व्हते. धाकला लय हट्टी...’ आणि ती थांबली.

‘अन् माय कुठी गेल्ती?’

‘गोष्टीत माय नाही,’ मी म्हणालो.

‘मेल्ती काय?’

‘तसंही लिहिलेलं नाही.’

‘मंग पोरगं घर सोडून चाल्लं तवा भाकर कोनं बांधून देल्ली?’

मी उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन दृष्टान्त पुन्हा वाचला. बाप बोलतो, धाकटा बोलतो, थोरला बोलतो, गडी बोलतो. ‘मी’ म्हणणारा प्रत्येक जण पुरुष. बाई येते ती उधळपट्टीच्या उल्लेखापुरती. तिन्ही पुरुष, बहुतेक विभक्त्या आणि तिन्ही काळ मिळतात म्हणून जो मजकूर निवडला, त्यात बाईने ‘मी’ म्हणून क्रियापद कसे चालवायचे ते नाहीच. शब्दयादीत आई, बहीण, मुलगी आहेत, पण त्यांच्याबद्दल बोलायचे असते, त्या स्वतः बोलत नाहीत. मराठीसारख्या, लिंगाप्रमाणे क्रियापद बदलणाऱ्या भाषेत ही लहान गळती नव्हे. शेकडो बोलींच्या ग्रंथात अर्ध्या बोलणाऱ्यांचे तोंड उघडत नाही. आणि वऱ्हाडी टिकली आहे ती त्या अर्ध्यांमुळेच. बाहेर कचेरी, शाळा, आडत यांत वावरणाऱ्या पुरुषांनी ‘ला’ कधीच उचलला. ‘ले’ घरात राहिला. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये, 1960 साली, वऱ्हाडी पहिल्यांदा पूर्ण ताकदीने कादंबरीत आली ती कौतिकच्या, एका बाईच्या तोंडून, हा योगायोग मला वाटत नाही.

नंतरची सर्वेक्षणे आली आहेत. गणेश देवी यांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली 2013मध्ये निघाला. डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेऊन माणसांचे आवाज नोंदवले आणि ते सर्वांना ऐकता येतील असे ठेवले. त्यांत बायका बोलतात. ग्रिअर्सन यांनाही कागदाची मर्यादा कळली होती. पुढे प्रांतोप्रांती ग्रामोफोनच्या तबकड्या काढून घेतल्या गेल्या त्या त्यांच्याच आग्रहामुळे.

ते आयर्लंडला राहायला परतले नाहीत. कॅम्बर्लीच्या घराला मात्र त्यांनी ‘रॅथफार्नहॅम’ हे डब्लिनजवळच्या गावाचे नाव दिले होते. 1922मध्ये त्यांचा देश स्वतंत्र झाला. 1928मध्ये इंग्लंडच्या राजाने त्यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ दिला. 9 मार्च 1941 रोजी त्याच घरात ते गेले. दूर देशी गेलेला मुलगा घरी परततो ही गोष्ट ज्याने शेकडो बोलींत सांगून घेतली, त्याच्या स्वतःच्या गोष्टीला परतीचा भाग नव्हता.

मोठ्या मायने दृष्टान्त शेवटी आपल्या पद्धतीने पुरा केला. तिच्या गोष्टीत पोरगा जवळ येतो तेव्हा बाप शेतात असतो आणि माय दारात. तो पाया पडायला वाकतो, ती आधी त्याच्या पोटाला हात लावून पाहते. मग पुरनाच्या पोया होतात. थोरला रुसून ओट्यावर बसतो, तिथेही तीच ताट घेऊन जाते आणि म्हणते, तूही माह्याच पोटचा हायेस. मी वहीत वर तारीख घातली, गाव घातले, तिचे पूर्ण नाव घातले, आणि म्हाइंभटांची आठवण ठेवून जसे ऐकले तसे उतरवले. संध्याकाळी तिला वाचून दाखवले. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच तिने हात वर केला.

‘म्या असं नाई म्हन्लं.’

‘काय?’

‘म्या माय म्हन्लं. तुनं आई लिवलं.’

वहीत पाहिले. चार ठिकाणी लिहिले होते.